लिनक्समधील ग्राफिक्स मेमरी आणि कन्सोलचा ताबा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिस्प्ले ड्रायव्हर, कंपोझिटर (सर्व खिडक्यांची चित्रे एकत्र करून पडद्याचे अंतिम चित्र बनवणारा प्रोग्राम) किंवा एम्बेडेड उपकरणांवर काम करणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उत्तरे लिनक्स कर्नलला धरून आहेत; फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमबद्दलचा एक प्रश्न शेवटाकडे घेतला आहे. वाचताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: बफर (चित्रासारखी माहिती साठवणारा मेमरीचा तुकडा) कोणत्या मेमरीत आहे हा एक प्रश्न, आणि पडद्यावर काय दिसावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे हा दुसरा. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी या दोहोंची गल्लत झाल्याने उद्भवलेल्या असतात.

१. ग्राफिक्स मेमरी म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर लिहिलेली ‘८ जीबी’ तीच ना?

स्वतंत्र कार्ड असेल तर ती व्हीरॅम, म्हणजे कार्डावरचीच मेमरी, हा ग्राफिक्स मेमरीचा एक भाग झाला, पण तेवढ्यावर हिशेब संपत नाही. ड्रायव्हरच्या दृष्टीने बफर तीन ठिकाणी असू शकतो: कार्डावरील व्हीरॅममध्ये, संगणकाच्या मुख्य रॅममध्ये, पण जीपीयूच्या (ग्राफिक्स प्रोसेसरच्या) पेज टेबलात, म्हणजे पत्त्यांच्या तक्त्यात, नोंद असल्यामुळे जीपीयूला थेट वाचता येईल अशा जागी, किंवा मुख्य रॅममध्येच, पण जीपीयूला सध्या दिसत नाही अशा जागी. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स अंतर्भूत असेल तर वेगळी व्हीरॅम नसते. तेथे फर्मवेअर सुरुवातीलाच मुख्य रॅममधील थोडा भाग ग्राफिक्ससाठी बाजूला काढते आणि उरलेली गरज चालू रॅममधून भागवली जाते. एकूण रॅमपेक्षा थोडी कमी रॅम दिसते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

२. पडद्यावरच्या एका चित्राला किती मेमरी लागते?

रुंदी गुणिले उंची गुणिले प्रति पिक्सेल बाइट, हे ढोबळ उत्तर. १९२० बाय १०८० च्या पडद्याला प्रति पिक्सेल ४ बाइट धरल्यास ८२,९४,४०० बाइट लागतात, आणि ३८४० बाय २१६० च्या पडद्याला ३,३१,७७,६०० बाइट. तीन बफर आलटून पालटून वापरणाऱ्या कंपोझिटरला ४के पडद्यासाठी केवळ अंतिम चित्रापोटी जवळपास १०० एमबी बाजूला ठेवावे लागतात.

मात्र हा गुणाकार जसाच्या तसा वापरू नये. प्रत्येक ओळ ठरावीक पटीतच सुरू व्हावी अशी हार्डवेअरची अट असते, आणि ओळीची प्रत्यक्ष लांबी, म्हणजे स्ट्राइड किंवा पिच, त्यामुळे वाढते. १३६६ पिक्सेल रुंदीचा लॅपटॉप घ्या. एका ओळीचे ५,४६४ बाइट होतात, पण ६४ च्या पटीची अट असेल तर ओळ ५,५०४ बाइटची धरावी लागते. या ४० बाइटकडे दुर्लक्ष करून चित्र काढले, तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा १० पिक्सेल सरकते आणि संपूर्ण चित्र तिरके होते. पडद्यावर तिरके चित्र दिसले की सर्वांत आधी स्ट्राइड तपासावा. ड्रायव्हरने परत दिलेली किंमतच वापरावी, स्वतः मोजलेली नव्हे.

३. कन्सोल म्हणजे टर्मिनलची खिडकीच ना?

नाही. डेस्कटॉपवरील टर्मिनल हा इतर कोणत्याही प्रोग्रामसारखा एक प्रोग्राम असतो. येथे कन्सोल म्हणजे कर्नल स्वतः चालवतो ते व्हर्च्युअल टर्मिनल, म्हणजे कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबल्यावर समोर येते ते. १९८७ साली आयबीएमने आणलेल्या व्हीजीएच्या टेक्स्ट मोडमध्ये हे काम अगदी सोपे होते. षोडशमान पद्धतीतील बी८००० या पत्त्यापासून प्रत्येक अक्षराला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा, असे ८० बाय २५ चा पडदा अवघ्या ४,००० बाइटमध्ये बसत असे, आणि अक्षराचा आकार काढण्याचे काम हार्डवेअर करत असे. आता टेक्स्ट मोड जवळपास कोणी वापरत नाही. कर्नलमधील एफबीकॉन हा भाग प्रत्येक अक्षर पिक्सेलने रंगवतो. म्हणून कन्सोललाही एक ग्राफिक्स बफर लागतो, आणि तो दाखवण्याची परवानगीही.

४. एफबीडेव्ह, डीआरएम आणि केएमएस यांत फरक काय?

एफबीडेव्ह (फ्रेमबफर डिव्हाइस) ही सर्वांत जुनी सोय. एक सलग मेमरी, एक पडदा, आणि मेमरीत लिहिले की ते पडद्यावर दिसणार, इतकीच तिची कल्पना आहे. डीआरएम (डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर) या कर्नलमधील भागाचा उगम १९९९ च्या सुमारास झाला. अनेक प्रोग्रामांना एकाच जीपीयूकडून सुरक्षितपणे त्रिमिती चित्रण करून घेता यावे, हा त्यामागचा हेतू होता. त्या काळात पडद्याचा मोड (रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट) ठरवण्याचे काम कर्नलऐवजी एक्स सर्व्हर हा डिस्प्ले सर्व्हर करत असे, त्यासाठी तो रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) अधिकाराने थेट हार्डवेअरच्या रजिस्टरांना हात घालत असे, आणि कन्सोलकडे परतताना कर्नलला हार्डवेअरची स्थिती ठाऊकच नसे. मार्च २००९ मध्ये आलेल्या कर्नलच्या २.६.२९ या आवृत्तीत इंटेलच्या ड्रायव्हरसाठी केएमएस (कर्नल मोड सेटिंग) आले, म्हणजे मोड ठरवण्याचे काम कर्नलकडे गेले. त्याच वर्षी रेडिऑन आणि २०१० मध्ये नूवो हे ड्रायव्हर त्या वाटेने आले. २०१५ मधील ४.२ पासून अनेक बदल एकत्र तपासून एकदम लागू करणारी ‘अॅटॉमिक’ पद्धत सर्रास उपलब्ध झाली. नवा ड्रायव्हर आज एफबीडेव्हमध्ये लिहिण्याचे काहीच कारण उरलेले नाही.

५. डीआरआय फोल्डरमध्ये ‘कार्ड०’ आणि ‘रेंडरडी१२८’ असे दोन नोड का दिसतात?

नोड म्हणजे ड्रायव्हरशी बोलण्यासाठीची फाइल. उपकरण एकच आहे. दारे दोन आहेत. ‘कार्ड०’ या प्राथमिक नोडमधून मोड बदलता येतो आणि पडद्यावर कोणता बफर दिसावा हे सांगता येते. ‘रेंडरडी१२८’ मधून केवळ मेमरी घेता येते आणि जीपीयूला काम देता येते. पडद्याशी त्याचा संबंध येत नाही. रेंडर नोड ३.१२ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आले आणि ३.१७ पासून आपोआप तयार होऊ लागले. व्हिडिओ एन्कोड करणाऱ्या किंवा जीपीयूवर गणित करणाऱ्या प्रोग्रामाने ‘कार्ड०’ उघडूच नये. का, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

६. ‘मास्टर’ कोण असतो आणि तो कसा ठरतो?

प्राथमिक नोड उघडणाऱ्यांपैकी एका वेळी एकालाच पडद्यावर काय दिसावे हे ठरवता येते. त्याला डीआरएमचा मास्टर म्हणतात. सभेत माइक एकाच्याच हातात असतो, बाकीच्यांनी आपापल्या वहीत लिहायला हरकत नसते, तसाच हा प्रकार आहे. मास्टर नसलेला प्रोग्राम मेमरी घेऊ शकतो, चित्र तयार करू शकतो, पण मोड बदलण्याची किंवा बफर पालटण्याची विनंती केल्यास त्याला ‘परवानगी नाही’ असे उत्तर मिळते.

मास्टरपद मिळवण्यासाठी आणि सोडण्यासाठी ‘सेट मास्टर’ आणि ‘ड्रॉप मास्टर’ ही दोन आयओसीटीएल, म्हणजे ड्रायव्हरला द्यायच्या आज्ञा, आहेत. पूर्वी दोहोंसाठी रूटच्या तोडीचा अधिकार लागत असे. २०२० मधील ५.८ पासून, ज्या फाइल डिस्क्रिप्टरवर (उघडलेल्या फाइलच्या क्रमांकावर) आधी मास्टरपद होते त्याला ते रूटशिवायही सोडता आणि परत घेता येते. ४.१५ पासून मास्टर आपल्याकडील एखादा कनेक्टर (पडदा जोडण्याचे टोक) भाडेपट्टीने दुसऱ्या प्रोग्रामाला देऊ शकतो. व्हीआर हेडसेट डेस्कटॉपच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी ही सोय झाली.

७. कंपोझिटर सुरूच होत नाही. ‘मास्टर होता येत नाही’ असा संदेश येतो. दुसरा कोणताही डिस्प्ले सर्व्हर चालू नाही. मग मास्टर कोण?

बहुधा असा एखादा प्रोग्राम, ज्याला आपण मास्टर झालो आहोत याची कल्पनाही नाही. प्राथमिक नोड उघडताना त्या क्षणी कोणीही मास्टर नसेल, तर उघडणारा आपोआप मास्टर होतो. त्याने मागणी केली असो वा नसो. बूटच्या वेळी तापमान किंवा मेमरी मोजणारी एखादी सेवा ‘कार्ड०’ उघडून बसली की नंतर येणाऱ्या कंपोझिटरला जागा मिळत नाही. डीबगएफएस या कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाइल सिस्टममध्ये त्या उपकरणाच्या फोल्डरातील ‘क्लायंट्स’ फाइल वाचली, तर नोड कोणी उघडला आहे आणि मास्टर कोण आहे हे एका तक्त्यात दिसते. उपाय दोनच: त्या सेवेला रेंडर नोड वापरायला लावावे, किंवा प्राथमिक नोडच हवा असेल तर उघडल्याबरोबर ‘ड्रॉप मास्टर’ करावे. कर्नलचे हे वर्तन जुन्या प्रोग्रामांच्या सोयीसाठी टिकवले आहे; आमच्या मते त्याने जितकी सोय होते त्यापेक्षा जास्त डोकेदुखी होते.

८. जीईएम आणि टीटीएम यांपैकी माझ्या ड्रायव्हरने काय वापरावे?

दोन्ही कर्नलमधील बफर सांभाळणाऱ्या यंत्रणा आहेत; त्यांच्याकडे पर्याय म्हणून पाहू नये. जीईएम २००८ अखेरच्या २.६.२८ मध्ये आले. बफरला नाव, म्हणजे हँडल, देणे, त्याचा संदर्भ मोजणे आणि तो मॅप करू देणे (प्रोग्रामाच्या पत्त्यांत जोडू देणे) हे त्याचे काम. बफर कोठे आहे याची ते फारशी फिकीर करत नाही. टीटीएम २००९ मधील २.६.३१ मध्ये दाखल झाले. बफर व्हीरॅममधून रॅममध्ये आणि परत हलवण्याची सर्व यंत्रणा त्यात आहे. व्हीरॅम असलेले ड्रायव्हर आज बाहेरून जीईएमची हँडल देतात आणि आतून टीटीएम वापरतात. वेगळी व्हीरॅम नसेल तर टीटीएमच्या वाटेला जाण्याची गरज सहसा पडत नाही. हार्डवेअरला विखुरलेली पाने वाचता येत असतील तर शेअर्ड मेमरीवर आधारित जीईएम सहायक, आणि सलग मेमरीच लागत असेल तर डीएमएवर (उपकरण मेमरी थेट वाचते त्या पद्धतीवर) आधारित सहायक घ्यावा (प्रश्न १७).

९. व्हीरॅम भरली की काय होते? प्रोग्राम बंद पडतो का?

लगेच नाही. सर्वांत जास्त काळ न वापरलेले बफर टीटीएम मुख्य रॅमकडे हलवते आणि जागा मोकळी करते. हलवण्याआधी जीपीयूचे त्या बफरवरील काम पूर्ण झाल्याची खूण, म्हणजे फेन्स, येईपर्यंत थांबावे लागते. दोन प्रोग्राम एकमेकांचे बफर धरून ताटकळत बसू नयेत म्हणून २०१३ मधील ३.११ पासून कर्नलमध्ये खास प्रकारची कुलुपे आहेत: दोघांत गाठ पडली की नंतर आलेल्याने हातातील सर्व सोडून पुन्हा सुरुवात करायची.

तीन प्रकारचे बफर मात्र डोकेदुखी ठरतात. पहिला प्रकार सध्या पडद्यावर दिसणाऱ्या बफरचा: डिस्प्लेचे हार्डवेअर तो सतत वाचत असल्याने तो जागेवर पिन करावाच लागतो. दुसरा, ड्रायव्हरने निष्काळजीपणे पिन करून विसरलेला बफर. अशा बफरांनी व्हीरॅमचे तुकडे पडतात आणि एकूण जागा पुरेशी असूनही मोठा सलग बफर मिळत नाही. तिसरा प्रकार एकाच कामाला लागणाऱ्या बफरांचा: जीपीयूला दिलेल्या एका कामासाठी लागणारे सर्व बफर एकाच वेळी त्याच्या आवाक्यात असावे लागतात आणि ते मिळून मावत नसतील, तर मेमरी अपुरी असल्याची चूक परत येते.

एखादा प्रोग्राम किती जागा खातो हे प्रोक फाइल सिस्टममध्ये त्या प्रोसेसच्या ‘एफडीइन्फो’ फोल्डरात पाहता येते. एकूण आणि प्रत्यक्ष निवासी मेमरी असे आकडे अनेक ड्रायव्हर तेथे देतात. एकाच प्रोग्रामाने सर्व व्हीरॅम बळकावू नये यासाठी २०२५ मधील ६.१४ मध्ये ‘डीमेम’ हा सी-ग्रुप (प्रोसेसच्या गटांना मर्यादा घालण्याची सोय) नियंत्रक आला आहे.

१०. बफर असा हलत असेल, तर प्रोग्रामाने एममॅप करून घेतलेला पॉइंटर चुकीच्या जागी लिहीत नाही का?

नाही. बफर मॅप करण्यासाठी ड्रायव्हर जो ऑफसेट देतो तो खरा पत्ता नसतो, केवळ एक ओळखक्रमांक असतो. बफर हलवण्याआधी कर्नल त्या प्रोग्रामाच्या पेज टेबलातील नोंदी काढून टाकतो. प्रोग्रामाने पुन्हा हात लावला की पेज फॉल्ट होतो आणि ड्रायव्हर नव्या जागेची नोंद करून देतो. प्रोग्रामाला पॉइंटर तोच दिसतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. अनेक कार्डांवर प्रोसेसरला व्हीरॅमचा केवळ २५६ एमबी इतकाच झरोका दिसतो (रिसायझेबल बार चालू असल्यास संपूर्ण दिसते), म्हणून मॅप केलेला बफर त्या भागात आणावा लागतो. दुसरे, हे मॅपिंग बहुधा राइट-कंबाइनिंग प्रकारचे असते. लिहिण्याचा वेग उत्तम मिळतो, पण वाचन अतिशय मंद असते. पडद्यावरील मजकूर वर सरकवण्यासाठी व्हीरॅममधून वाचून व्हीरॅममध्येच लिहिणारा कोड रांगतो तो यामुळेच. मुख्य रॅममध्ये एक सावली-प्रत ठेवून तेथे काम करावे आणि बदललेला भाग एकदम पुढे पाठवावा.

११. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबल्यावर नेमके काय घडते?

हा या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत. ग्राफिक्स वापरणारा प्रोग्राम सुरुवातीला आपल्या व्हर्च्युअल टर्मिनलला दोन गोष्टी सांगतो. एक, हे टर्मिनल ‘केडी ग्राफिक्स’ स्थितीत आहे, तेव्हा कर्नलने त्यावर अक्षरे रंगवू नयेत. दुसरी, टर्मिनल बदलायचे झाल्यास आधी मला सिग्नल द्यावा, परस्पर बदलू नये. त्यासाठी सोडण्याचा एक आणि परत घेण्याचा एक असे दोन सिग्नल तो नोंदवतो.

कळा दाबल्या की कर्नल सोडण्याचा सिग्नल पाठवतो आणि थांबतो. आता प्रोग्रामाने चित्र काढणे थांबवायचे, उरलेले फ्लिप (बफर पालटण्याच्या विनंत्या) पूर्ण होऊ द्यायचे, इनपुट उपकरणे सोडायची, मास्टरपद सोडायचे आणि सर्वांत शेवटी ‘व्हीटी रिलीज डिस्प्ले’ने संमती द्यायची. क्रम येथे कळीचा आहे. संमती आधी दिली आणि मास्टरपद नंतर सोडले, तर एफबीकॉन आपला मोड लावायला जाते तेव्हा मास्टर अजून जागेवरच असतो. कर्नल एफबीकॉनला अडवतो, आणि वापरकर्त्याला जुनेच चित्र गोठलेले दिसते. टर्मिनल मात्र बदललेले असते, आणि टाइप केलेले दुसरीकडेच जात असते!

परत येताना दुसरा सिग्नल मिळतो, प्रोग्राम पोच देतो आणि मास्टरपद घेतो. त्याचे बफर मधल्या काळात मेमरीत शाबूत असतात, कारण मास्टरपद सोडले म्हणजे मेमरी सोडली असे होत नाही. परंतु मोड, प्लेन (चित्राचे थर), गॅमा, रंगांचे तक्ते, चित्राची फिरवणूक या सर्व गोष्टी दुसऱ्याने बदललेल्या असू शकतात. म्हणून परतल्यावर सर्व गुणधर्म पुन्हा लावणे हाच शहाणपणाचा मार्ग. रात्रीचा पिवळसर रंग दुसऱ्या सत्रातही तसाच राहिल्याच्या तक्रारी येतात, त्यांचे मूळ येथे आहे.

१२. यात लॉगइनडी कोठे बसते?

वरील सिग्नलांची देवाणघेवाण बहुतेक डेस्कटॉपांवर आता सिस्टमडी या सेवा-व्यवस्थापकाची लॉगइनडी ही सेवा करते. कंपोझिटर तिच्याकडून उपकरणे मागतो आणि ती उघडलेला फाइल डिस्क्रिप्टर हाती देते, त्यामुळे कंपोझिटर रूट म्हणून चालवावा लागत नाही. टर्मिनल बदलताना ती कळफलक आणि माउसचे डिस्क्रिप्टर कायमचे निकामी करते, पण डीआरएमच्या डिस्क्रिप्टरवरील केवळ मास्टरपद काढून घेते. मेमरी टिकून राहते ती या फरकामुळेच.

१३. कंपोझिटर अडकला आणि पडदा गोठला. संगणक बंद न करता कन्सोलपर्यंत कसे पोहोचावे?

प्रोग्राम मेला आहे की नुसता अडकला आहे, यावर उत्तर अवलंबून आहे. मेलेला परवडतो. सिग्नल पाठवायला प्रोसेसच नाही असे दिसताच कर्नल ते टर्मिनल साध्या मजकूर स्थितीत परत आणतो. जिवंत पण अडकलेला प्रोग्राम संमतीही देत नाही आणि मरतही नाही, त्यामुळे टर्मिनल बदलण्याची विनंती तशीच लोंबकळत राहते. (लॉगइनडी मध्ये असेल तर संमती तीच देते, म्हणून हा प्रसंग तुलनेने कमी येतो.) शिवाय कळफलक प्रोग्रामाच्या ताब्यात असल्याने कंट्रोल-ऑल्टच्या कळा कर्नलपर्यंत पोहोचतच नाहीत.

दुसऱ्या संगणकावरून एसएसएच (दूरून लॉगइन) करता येत असेल तर तेथून त्या प्रोसेसला संपवणे सर्वांत स्वच्छ. नसेल तर ऑल्ट, सिसआरक्यू (अनेक कळफलकांवर प्रिंट स्क्रीनचीच कळ) आणि आर दाबून कळफलक कर्नलकडे घ्यावा आणि मग टर्मिनल बदलून पाहावे. तरीही जुनेच चित्र राहिले तर ऑल्ट, सिसआरक्यू आणि व्ही या कळा कन्सोलचा फ्रेमबफर बळजबरीने पुढे आणतात. अनेक वितरणांत सिसआरक्यूच्या काही आज्ञा बंद ठेवलेल्या असतात, म्हणून ही सोय वेळ येण्यापूर्वीच तपासून ठेवावी.

१४. ‘एफबी०’ मध्ये लिहितो, चूकही येत नाही, पण पडद्यावर काहीच उमटत नाही. असे का?

आजचे ‘एफबी०’, म्हणजे एफबीडेव्हचा नोड, हे बहुधा डीआरएम ड्रायव्हरने जुन्या प्रोग्रामांसाठी उभे केलेले सोंग असते. त्याचा स्वतंत्र बफर असतो. कंपोझिटर मास्टर असताना पडद्यावर कंपोझिटरचा बफर असतो आणि आपण लिहिलेले पिक्सेल दुसऱ्या, न दिसणाऱ्या बफरमध्ये इमानेइतबारे साठत राहतात. मजकुराच्या कन्सोलवर जाऊन तोच प्रोग्राम चालवला की चित्र दिसते. साधे चित्रच दाखवायचे असेल तर डीआरएमचे ‘डंब बफर’ वापरावेत: रुंदी, उंची आणि प्रति पिक्सेल बिट दिले की हँडल, पिच आणि आकार मिळतो, मग तो बफर फ्रेमबफर म्हणून नोंदवून पडद्याला जोडायचा. प्रोसेसरने रंगवण्यासाठीच तो आहे. जीपीयूच्या चित्रणासाठी तो वापरू नये.

१५. संगणक सुरू होताना पडद्याचा ताबा किती वेळा बदलतो?

साधारणतः तीनदा. फर्मवेअरने लावलेला मोड आणि फ्रेमबफर कर्नल आधी जसाच्या तसा वापरतो. त्यासाठी पूर्वी ‘ईएफआय एफबी’ होते, २०२१ मधील ५.१४ पासून ‘सिंपल डीआरएम’ही आहे. मग खरा ड्रायव्हर येतो. त्याने हार्डवेअरला हात लावण्यापूर्वी कर्नलच्या सहायक फंक्शनद्वारे ती मेमरी बळकावून बसलेल्या साध्या ड्रायव्हरला हटवावे लागते. नाहीतर दोघे एकाच मेमरीत लिहितात. शेवटी बूटचे चित्र दाखवणारा प्रोग्राम आणि त्यामागून कंपोझिटर मास्टर होतो.

‘नोमोडसेट’ हा बूट पर्याय दिल्यास खरा ड्रायव्हर पडद्याला हात लावत नाही आणि फर्मवेअरच्या फ्रेमबफरवरच काम चालते. बिघाड शोधण्यासाठी हा पर्याय उपयोगी आहे; रोजच्या वापरासाठी नाही, कारण त्यात जीपीयूचा वेगही जातो आणि मोड बदलण्याची सोयही.

१६. बूटचे चित्र आणि लॉगइनचा पडदा यांच्यामध्ये क्षणभर काळोख का होतो?

फाइल डिस्क्रिप्टर बंद झाला की त्यावरून नोंदवलेले सर्व फ्रेमबफर काढून टाकले जातात, आणि पडद्याला जोडलेला फ्रेमबफर काढला की तो पडदाही बंद होतो. पहिला प्रोग्राम संपणे आणि दुसऱ्याने मोड लावणे यांतील फट म्हणजे तो काळोख. यावर जुना उपाय म्हणजे दुसरा तयार होईपर्यंत पहिल्याने थांबणे. २०२४ मधील ६.८ मध्ये ‘क्लोज एफबी’ हे आयओसीटीएल आले आहे; त्याने प्रोग्राम आपला हक्क सोडतो, पण पडद्यावरील चित्र तसेच ठेवतो.

१७. रास्पबेरी पायवर भरपूर रॅम मोकळी असूनही बफर मिळत नाही. कारण काय?

तेथील डिस्प्लेच्या हार्डवेअरला भौतिकदृष्ट्या सलग मेमरी लागते. अशी मेमरी सीएमए नावाच्या राखीव भागातून मिळते, आणि मोकळी रॅम कितीही असली तरी तो भाग भरला की नकार येतो. ‘मेमइन्फो’ फाइलमध्ये सीएमएची एकूण आणि मोकळी जागा दिसते; बूट पर्यायातील ‘सीएमए’ची किंमत वाढवून ती मोठी करता येते. जुन्या, पाय ३ पर्यंतच्या पाट्यांवर त्रिमिती चित्रणाचे हार्डवेअरही सलग मेमरीच मागत असल्याने तेथे ही टंचाई लवकर जाणवते; पाय ४ मध्ये त्याला स्वतःचे पेज टेबल मिळाले, पडद्याची अट मात्र राहिली.

१८. लॅपटॉप झोपवून उठवला की खिडक्यांत कचरा दिसतो. दोष कोणाचा?

बहुधा ड्रायव्हरचा. निद्रावस्थेत कार्डाची वीज गेली की व्हीरॅममधील मजकूर नष्ट होतो, म्हणून झोपण्यापूर्वी तो मुख्य रॅममध्ये उतरवून घ्यावा लागतो. हे काम उशिरा सुरू केले तर आणखी एक अडचण येते: रॅम कमी पडली आणि स्वॅपची डिस्क आधीच झोपली असेल, तर उतरवून घेण्यास जागाच उरत नाही. म्हणून मोठी व्हीरॅम असलेल्या ड्रायव्हरने स्वॅप चालू असतानाच, निद्रेच्या तयारीच्या टप्प्यात, हे काम उरकावे. पिन केलेल्या बफरांची प्रत घेण्याचे विसरणे ही नेहमीची चूक आहे.

१९. एका जीपीयूवर तयार केलेले चित्र दुसऱ्याच्या पडद्यावर कसे जाते?

डीएमए-बफच्या मार्गाने. ही यंत्रणा २०१२ मधील ३.३ मध्ये आली. एका ड्रायव्हरचा बफर फाइल डिस्क्रिप्टरच्या रूपाने बाहेर काढला जातो आणि दुसरा ड्रायव्हर तो आपल्याकडे दाखल करून घेतो. दुसऱ्या कार्डाला पहिल्याची व्हीरॅम सहसा सोयीने वाचता येत नाही, म्हणून असा बफर मुख्य रॅममध्ये आणून तेथे धरून ठेवला जातो. दोन जीपीयूंच्या लॅपटॉपवर बाहेरचा मॉनिटर जोडल्यावर वेग घटतो त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

२०. दुसऱ्या वापरकर्त्याला माझ्या पडद्यावरील मजकूर वाचता येईल का?

यंत्रणा नीट असेल तर नाही, पण तीन जागा तपासाव्यात. जुन्या ‘फ्लिंक’ पद्धतीत बफरला सर्वांना दिसणारा एक क्रमांक मिळत असे आणि तो अंदाजाने ओळखता येत असे. नव्या कोडने डीएमए-बफच वापरावे. पडद्यावरील फ्रेमबफरची माहिती विचारता येते, पण मजकुरापर्यंत नेणारे हँडल केवळ मास्टरला किंवा प्रशासकीय अधिकार असलेल्यालाच मिळते. आपल्या ड्रायव्हरने ही चौकट वळसा घालून मोडू नये. तिसरी जागा सर्वांत दुर्लक्षित: नवा बफर देताना तो पुसून दिला नाही, तर आधीच्या प्रोग्रामाचे चित्र त्यात शिल्लक असते.

२१. ग्राफिक्स चालू असताना कर्नल पॅनिक झाले (गंभीर चुकीमुळे कर्नल थांबले), तर संदेश का दिसत नाही?

कारण त्या क्षणी पडद्यावर कंपोझिटरचा बफर असतो, आणि पॅनिकच्या अवस्थेत कुलुपे घेऊन, मेमरी मागून मोड बदलणे धोक्याचे असते. २०२४ मधील ६.१० मध्ये आलेल्या डीआरएम पॅनिक या सोयीने ड्रायव्हर चालू बफर देऊ करतो आणि कर्नल त्यावरच संदेश रंगवतो, ६.१२ पासून तो क्यूआर कोडच्या रूपातही दाखवता येतो. ड्रायव्हरला तेवढा एक आधार पुरवावा लागतो, तो आपोआप मिळत नाही.

२२. कन्सोलवर मराठी फाइलींची नावे चौकोन होऊन दिसतात. फॉन्ट बदलून भागेल का?

नाही. कर्नलच्या कन्सोलमध्ये एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकृत्या बसतात, आणि त्याही २५६ च्या पुढे गेल्या की रंगाचा एक बिट खर्ची पडून अक्षरांचे रंग १६ वरून ८ होतात. त्याहून मोठी अडचण अशी की प्रत्येक वर्णाला एक ठरावीक चौकट मिळते आणि जोडाक्षर घडवण्याची, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेण्याची यंत्रणाच तेथे नाही. ‘क्षत्रिय’ नीट दिसायला हवा तो शेपिंगचा टप्पा कर्नलमध्ये आणणे कोणालाही परवडणारे नाही. खरा मार्ग केएमएसवर थेट चालणाऱ्या, वापरकर्त्याच्या बाजूच्या कन्सोलचा आहे. तेथे फॉन्टची आणि शेपिंगची पूर्ण लायब्ररी वापरता येते.

२३. फ्रीबीएसडीवर डीआरएम ड्रायव्हर चढवल्यावर मजकूर कन्सोल परत येत नाही, असे जुन्या सूचनांत वाचले. ते अजून खरे आहे का?

आताच्या आवृत्त्यांत नाही. जुने ‘सिसकॉन्स’ हे व्हीजीए टेक्स्ट मोडवर उभे होते, आणि केएमएस ड्रायव्हरने मोड बदलल्यावर तेथे परतण्याचा रस्ताच नव्हता. ९.३ आणि १०.१ पासून उपलब्ध झालेले आणि ११.० पासून गृहीत धरलेले ‘व्हीटी’ हे नवे कन्सोल ड्रायव्हरच्या फ्रेमबफरवरच लिहिते. सूचना ११.० पूर्वीच्या असतील तर त्या बाजूला ठेवाव्यात.

२४. यूएसबीवरचा डिस्प्ले किंवा बाहेरचे जीपीयू चालू असताना उपसून काढले, तर मास्टरचे आणि मेमरीचे काय होते?

हार्डवेअर गेले तरी सॉफ्टवेअरमधील वस्तू लगेच जात नाहीत. कंपोझिटरकडे फाइल डिस्क्रिप्टर उघडा असतो, बफर मॅप केलेले असतात, आणि कदाचित दुसऱ्या ड्रायव्हरनेही डीएमए-बफमार्फत (प्रश्न १९) त्यांतील काही धरून ठेवलेले असतात. म्हणून ड्रायव्हरने दोन आयुष्ये वेगळी ठेवावीत. रजिस्टरे आणि व्हीरॅम यांचे आयुष्य उपकरण निघताच संपते. डीआरएमच्या वस्तूंचे आयुष्य शेवटचा संदर्भ सुटेपर्यंत चालते. कर्नलमध्ये उपकरण काढल्याची खूण करणारे एक फंक्शन आहे, आणि हार्डवेअरला हात लावणारा प्रत्येक तुकडा प्रवेश आणि निर्गम अशा दोन फंक्शनांच्या मध्ये ठेवायचा असतो. प्रवेश नाकारला की तो तुकडा मुकाट्याने वगळायचा. गेलेल्या व्हीरॅमवर पेज फॉल्ट झाल्यास प्रोग्रामाला मारण्याऐवजी साधे कोरे पान द्यावे, कारण त्या प्रोग्रामाची इतर पडद्यांवरील कामे चालूच असतात. मास्टरपद त्या डिस्क्रिप्टरबरोबर राहते आणि तो बंद झाल्यावरच जाते. तेच उपकरण परत जोडले तरी कर्नलसाठी ते नवे उपकरण असते, म्हणून कंपोझिटरने आधीचा डिस्क्रिप्टर बंद करून नवा नोड उघडावा.